युकॉनचा बॅलडकार रॉबर्ट सर्व्हिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला लागून, युकॉन नावाचा मुलूख आहे. तिथल्या सोन्याच्या शोधावर रॉबर्ट सर्व्हिसने रचलेली कथागीतं, म्हणजे बॅलडं, शंभरहून अधिक वर्षं लोकांना पाठ आहेत. त्याच्याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात हवी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉबर्ट सर्व्हिस नेमका कोण? कॅनडाचा की स्कॉटलंडचा?

जन्म इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी, १६ जानेवारी १८७४. वडील स्कॉटिश, बँकेत नोकरीला. दहा भावंडांत हा थोरला. पाचव्या वर्षी त्याला स्कॉटलंडमधल्या किलविनिंगला आजोबा आणि आत्यांकडे ठेवलं गेलं. आजोबा गावचे पोस्टमास्तर. पुढे आईवडील ग्लासगोला आले, तेव्हा नऊ वर्षांचा रॉबर्टही तिकडे गेला. शाळा संपल्यावर बँकेत चिकटला, विशीच्या सुरुवातीला ती नोकरी सोडून काउबॉय व्हायच्या वेडाने कॅनडाला पोचला. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं फ्रान्समध्ये गेली आणि तिथेच, ब्रिटनी प्रांतातल्या लान्सिया गावी, ११ सप्टेंबर १९५८ रोजी तो वारला. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या आणि फ्रान्समध्ये मेलेल्या या माणसाला जग ‘युकॉनचा भाट’ म्हणून ओळखतं. प्रत्यक्ष युकॉनमध्ये तो राहिला जेमतेम आठ वर्षं.

२. म्हणजे सोन्याच्या शोधात तो स्वतः गेला होता ना?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं सापडलं ऑगस्ट १८९६ मध्ये. बातमी बाहेर पोचली १८९७ च्या जुलैत, लोंढा उसळला १८९७-९८ मध्ये, आणि १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं लागल्याचं कळताच गर्दी तिकडे पांगली. सर्व्हिस युकॉनमध्ये आला १९०४ साली. बॅगा घेऊन आगगाडीने आला, कारण युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स गावापर्यंतचा लोहमार्ग १९०० मध्येच पुरा झाला होता. ज्या चिलकूट खिंडीत लोकांनी वर्षभराचा शिधा, म्हणजे जवळजवळ टनभर ओझं, पाठीवरून खेपा घालून नेलं, ती त्याच्या वाट्याला आली नाही.

याने त्याचं मोल कमी होत नाही. गर्दी ओसरली होती, तरी मागे राहिलेली माणसं होती, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सर्व्हिस बँकेच्या खिडकीमागे बसून, रात्री कुणाच्या तरी घरच्या मेजवानीत, जंगलातल्या लांब फेऱ्यांत हे ऐकत राहिला. त्याची सगळी गाजलेली गीतं ऐकीव आहेत. कानावर पडलेलं त्याने कानासाठीच लिहिलं. पुढच्या बऱ्याच उत्तरांची किल्ली हीच आहे.

३. बँकेतला कारकून कवी कसा झाला?

एका रात्रीत नाही. कॅनडात आल्यावर काही वर्षं त्याने शेतमजुरी केली, कॅलिफोर्नियापर्यंत भटकला, मिळेल ते काम केलं. १८९९ च्या सुमारास तो व्हँकूव्हर बेटावरच्या काउइचन बे इथल्या दुकानात कामाला होता. तिथे एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आपण पद्य लिहितो असं त्याने सांगितलं. ते गिऱ्हाईक निघालं व्हिक्टोरियातल्या दैनिकाचं संपादक. १९०० च्या मध्यापर्यंत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावरच्या त्याच्या सहा रचना त्या पत्रात छापून आल्या. १९०३ मध्ये कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्समध्ये नोकरी लागली. व्हिक्टोरिया, मग कॅमलूप्स, मग व्हाइटहॉर्स अशा बदल्या झाल्या.

व्हाइटहॉर्समध्ये चर्चच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत तो दुसऱ्यांच्या कविता म्हणून दाखवायचा. तिथल्या ‘व्हाइटहॉर्स स्टार’चा संपादक स्ट्रोलर व्हाइट त्याला म्हणाला की आपल्या इथल्या मातीवरचं काही तूच का लिहीत नाहीस. त्यातून ‘द शूटिंग ऑफ डॅन मॅग्रू’ झालं. महिनाभराने एका मेजवानीत डॉसन या सोन्याच्या खाणींजवळच्या गावातल्या खाणवाल्याने मेलेल्या सोबत्याला जाळल्याची हकिकत सांगितली. सर्व्हिस तिथून उठला आणि चांदण्या रात्री जंगलात चालत चालत ‘द क्रिमेशन ऑफ सॅम मॅगी’ मनात जुळवली. कागदावर उतरवली दुसऱ्या दिवशी. चालीच्या ठेक्यावर जुळवलेली ही रचना अजूनही चालता चालता पाठ म्हणून पाहावी, पावलं बरोबर पडतात.

४. पहिला संग्रह स्वतःच्या पैशाने छापला, हे खरं का?

छापायला निघाला होता, छापावा लागला नाही. मित्रांना वाटायला म्हणून त्याने हस्तलिखित आणि छपाईचे पैसे टोरंटोला पाठवले. छापखान्यात खिळे जुळवणारे कामगारच ओळी मोठ्याने म्हणू लागले. प्रकाशकाच्या फिरत्या विक्रेत्याने नुसत्या कच्च्या प्रुफांवर सतराशे प्रतींची मागणी मिळवली. प्रकाशक विल्यम ब्रिग्ज यांनी धनादेश परत पाठवला आणि दहा टक्के मानधनाचा करार पुढे केला. १९०७ मध्ये ‘साँग्ज ऑफ अ सावरडो’ बाहेर आलं. थोड्याच काळात मानधन पगाराच्या कितीतरी पुढे गेलं.

तरी नोकरी त्याने लगेच सोडली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. १९०८ मध्ये बँकेने डॉसनला बदली केली, तिथे ‘बॅलड्स ऑफ अ चीचाको’ (१९०९) झालं. बँकेने व्यवस्थापक म्हणून परत व्हाइटहॉर्सला जायला सांगितलं, तेव्हा कुठे राजीनामा दिला आणि डॉसनमध्येच लाकडी झोपडी भाड्याने घेऊन लिहीत बसला.

५. ‘सावरडो’ आणि ‘चीचाको’ म्हणजे काय?

सावरडो म्हणजे आंबवलेलं पीठ. दूर डोंगरात खमीर मिळत नाही, म्हणून जुने खाणकरी आंबलेल्या पिठाचा थोडा गोळा जपून ठेवत, दर वेळी त्यातला भाग नव्या पिठात कालवत आणि उरलेला पुढच्या भाकरीसाठी राखत. आपण विरजण राखतो तसंच. थंडीत तो गोठून मरू नये म्हणून अंगाशी धरून निजत. ज्याने एक अख्खा हिवाळा, नदी गोठण्यापासून बर्फ फुटेपर्यंत, तिथे काढला तो सावरडो. नवखा तो चीचाको. हा शब्द चिनूक या व्यापारी मिश्रबोलीतला.

६. सॅम मॅगी नावाचा माणूस खरोखर होता? त्याला खरंच जाळलं का?

नाव खरं, माणूस खरा, मरण खोटं. विल्यम सॅम्युएल मॅगी हा बँकेचा खातेदार, रस्ते बांधणीत काम करणारा. कवितेतला सॅम अमेरिकेतल्या टेनेसीचा, खरा मॅगी कॅनडाच्या ओंटारियोचा. सर्व्हिसला यमकासाठी नाव हवं होतं आणि ते खातेवहीत सापडलं. कविता प्रसिद्ध झाल्यावरही मॅगी तीसेक वर्षं जगला आणि १९४० मध्ये वारला. त्याची लाकडी झोपडी व्हाइटहॉर्सच्या मॅकब्राइड संग्रहालयात पाहायला मिळते.

दहनाची मूळ हकिकत मात्र वेगळ्याची. डॉ. लिओनार्ड सग्डेन यांच्यावर लबार्ज सरोवराच्या काठी एका मृत खाणकऱ्याचे अंत्यसंस्कार करायची वेळ आली, जमीन दगडासारखी गोठलेली होती, म्हणून त्यांनी ‘ऑलिव्ह मे’ या अडकून पडलेल्या आगबोटीच्या भट्टीत प्रेत जाळलं, असं सांगितलं जातं. कवितेत तिची ‘ॲलिस मे’ झाली. सरोवराच्या नावाची कवितेतली वर्णजुळणीही आजच्या नकाशापेक्षा निराळी आहे. इंटरनेटवरच्या काही प्रतींत ती ‘सुधारलेली’ दिसते. मूळ हवं असेल तर अशी प्रत टाळावी.

७. सॅम मॅगीच्या कवितेची सुरुवात मध्यरात्रीच्या सूर्याने होते आणि घटना नाताळात. हे जुळतं कसं?

जुळत नाही, आणि जुळवायचंही नाही. पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं शब्दशः एकच आहे. ती गोष्टीची चौकट. उत्तरेत उन्हाळ्यात काय घडतं, हिवाळ्यातल्या ध्रुवप्रकाशाने काय काय पाहिलंय, असं म्हणत सांगणारा आधी श्रोत्याला जवळ ओढतो. आतली तेरा कडवी मात्र कडक डिसेंबरातली, जेव्हा त्या भागात दिवस काही तासांचा असतो.

आणखी एक बारकावा. डॉसन ध्रुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्येही तिथे सूर्य थोडा वेळ क्षितिजाखाली जातोच, फक्त अंधार पडत नाही, रात्रभर संधिप्रकाश राहतो. ‘मध्यरात्रीचा सूर्य’ हा तिथल्या बोलण्यातला शब्द म्हणून घ्यावा.

८. आपल्याकडे मेल्यावर जाळतातच. मग या कवितेत इतकं नवल कशाचं?

मराठी वाचकांचा हा अगदी रास्त अडखळा आहे, आणि कविता नीट लागायची असेल तर तो आधी सोडवावा लागतो. १९०७ च्या इंग्रजी जगात पुरणं ही रीत होती, दहन ही दुर्मिळ आणि थोडी अंगावर येणारी गोष्ट. त्यामुळे ‘मला जाळ’ ही विनंती ऐकताच तिथला श्रोता दचकतो. आपण दचकत नाही.

पण गोष्टीचा खरा पीळ वेगळाच आहे. सॅम उष्ण प्रदेशातला, थंडीने कासावीस झालेला. मरणाचं त्याला भय नाही. भय आहे गोठलेल्या जमिनीत कायमचं पडून राहण्याचं. सोबत्याकडून तो वचन घेतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मरतो. मग सुरू होतं ते ओझं. प्रेत घसरगाडीला बांधलेलं, कुत्री थकलेली, शिधा संपत आलेला, आणि दिलेला शब्द मोडता येत नाही. मेलेल्याला दिलेला शब्द आणि अग्नी देण्याची जबाबदारी, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उलट आपण ते इंग्रजी वाचकापेक्षा खोल समजतो.

शेवट असा. सोबती बोटीच्या जमिनीच्या फळ्या उचकटून बॉयलर पेटवतो, सॅमला आत घालतो, आणि तो चरचरलेला ऐकवेना म्हणून दूर जाऊन थांबतो. बऱ्याच वेळाने धीर करून दार उघडतो, तर भट्टीच्या गाभ्यात सॅम निवांत बसलेला. तो म्हणतो, दार लाव, वारा आत येईल. घर सोडल्यापासून आज पहिल्यांदाच ऊब मिळाली आहे.

९. डॅन मॅग्रूला गोळी कुणी घातली?

कवितेत ते सांगितलेलं नाही. मालाम्यूट नावाच्या दारूच्या गुत्त्यात कडाक्याच्या थंडीतून एक अनोळखी येतो, सगळ्यांना दारू पाजतो, पियानोवर बसतो आणि अशी धून वाजवतो की ऐकणाऱ्याला एकटेपण आणि फसवणूक दोन्ही दिसतात. मग तो डॅन मॅग्रूचं नाव घेतो, दिवे जातात, दोन पिस्तुलं कडाडतात. उजेड येतो तेव्हा दोघेही पडलेले. लू नावाची बाई त्या अनोळखीला छातीशी धरते आणि त्याची सोन्याची थैली लांबवते. दोघांनी एकमेकांना मारलं असं बहुतेक जण धरतात. लूचा हात त्यात होता असं वाचणारेही आहेत, आणि मजकुरात त्याला अडवणारं काही नाही. सांगणारा स्वतः ‘मला वाटतं’ अशाच सुरात बोलतो.

सर्व्हिस हे शांतपणे लिहायला रात्री बँकेत गेला आणि चोर समजून त्याच्यावर गोळी झाडली गेली, असा किस्सा त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्यावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. आत्मचरित्रात तो तारखा आणि माणसांची नावं सैल हाताने वापरतो, म्हणून तिथली प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून वापरू नये.

१०. समीक्षक याला कविता मानत नाहीत. तुमचं मत काय?

सर्व्हिस स्वतःच म्हणायचा की मला काव्य नको होतं, पद्य हवं होतं. रस्त्यावरच्या माणसाने दखल घ्यावी, शाळकरी पोराने घडाघडा म्हणावं, गुत्त्यात कुणी ओळ फेकावी, असं काही. त्या मोजमापाने तो पुरेपूर उतरतो.

दोष आहेतच. नंतरच्या संग्रहांत तेच ते यमक येतं, भावना ठोकळेबाज होते, संख्येचा मोह दिसतो. पण ‘नुसती तुकबंदी’ म्हणणाऱ्याने सॅम मॅगीची एक ओळ तोडून पाहावी. प्रत्येक लांब ओळीत सात आघात, म्हणजे जोर देऊन म्हटलेली अक्षरं, चौथ्या आघातावर हलका थांबा, आणि त्या पहिल्या तुकड्याच्या आतच दुसऱ्या आणि चौथ्या आघातावर यमक. ओळीच्या शेवटी पुन्हा पुढच्या ओळीशी यमक. म्हणजे दोन ओळींत तीन यमकजोड्या. असं बावन्न ओळी चालवायचं, गोष्ट कुठेही न अडखळता, एकही वाक्य उलटंपालटं न वाटता. हे सोपं काम नाही. सोपं वाटतं ही त्याची कमाई आहे.

११. याचं इंग्रजी कवी किपलिंगशी नातं काय?

थेट. सर्व्हिसला ‘कॅनडाचा किपलिंग’ म्हणत. सैनिकांच्या बोलीत लिहिलेली किपलिंगची १८९२ ची बॅलडं व्हाइटहॉर्सच्या कार्यक्रमांत तो म्हणत असे (प्र. ३), आणि सामान्य माणसाच्या तोंडची भाषा पद्यात चालवायची युक्ती त्याने तिथूनच उचलली. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. धोबी तलावापासून डॉसनपर्यंत असा हा धागा आहे.

१२. मराठी पोवाड्याशी तुलना करता येईल का?

करता येते, पण जपून. दोन्ही ऐकवण्यासाठी आहेत, दोन्ही घटनेवर उभे आहेत. पोवाडा मात्र शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने, झीलकऱ्यांच्या ‘जी जी’वर गातो. सर्व्हिसची गीतं एकटा माणूस वाद्याशिवाय बोलतो. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यात नावं, ठिकाणं, प्रसंग इतिहासाला धरून आहेत आणि नायक थोर आहे. सर्व्हिसकडे नायकच नाही. हरलेली, गोठलेली, फसलेली साधी माणसं आहेत आणि नावं उसनी. जवळचं नातं शोधायचंच तर ते रात्री शेकोटीभोवती रंगवून सांगितलेल्या गोष्टीशी आहे.

१३. तिथले मूळ रहिवासी या गीतांत का दिसत नाहीत?

जवळजवळ दिसत नाहीत, आणि दिसतात तिथे त्या काळच्या गोऱ्या वसाहतकारांच्या तोंडचे हिणकस शब्द येतात. डॉसन जिथे वसलं तो परिसर ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा, त्यांची मासेमारीची जागा. सोन्याच्या लोंढ्यात त्यांचा प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना नदीकाठाने खाली मूसहाइडला घेऊन गेला. सर्व्हिसच्या ‘निर्मनुष्य’ उत्तरेत ही माणसं होती, त्याने त्यांना ऐकलं नाही. ज्याचं सगळं लेखन ऐकण्यावर उभं आहे त्याच्या बाबतीत ही उणीव मोठी ठरते. २०२३ मध्ये ट्रॉन्डेक-क्लोंडाइक जागतिक वारसा यादीत आलं ते या दोन्ही बाजूंच्या इतिहासासाठी. गीतं वर्गात शिकवायची असतील तर हे सोबत सांगावं.

१४. युकॉन सोडल्यावर त्याने काय केलं?

१९१२ मध्ये तो निघाला आणि पुन्हा कधीच गेला नाही. ‘टोरंटो स्टार’साठी बाल्कन युद्धाचा वार्ताहर, मग पॅरिस. १९१३ मध्ये जर्मेन बूर्ग्वाँशी लग्न. पहिल्या महायुद्धात पायाच्या शिरा फुगल्यामुळे सैन्यात घेतलं नाही, म्हणून अमेरिकन रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर काम केलं. त्यातून आलेला १९१६ चा ‘ऱ्हाइम्स ऑफ अ रेड क्रॉस मॅन’ त्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये मारल्या गेलेल्या अल्बर्ट या भावाला अर्पण केला. हा संग्रह १९१७ आणि १९१८ अशी दोन्ही वर्षं अमेरिकेतल्या ललितेतर खपाच्या वार्षिक यादीत पहिला होता. युकॉनची गीतं आवडणाऱ्यांनी हा चुकवू नये. यात ठेका तोच आहे, पण हसू आटलेलं आहे.

पुढे थरारक कादंबऱ्या, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधून पळ, हॉलिवूडमध्ये मुक्काम. १९४२ च्या ‘द स्पॉइलर्स’ चित्रपटात तो क्षणभर कवी म्हणूनच दिसतो. युद्धानंतर परत लान्सिया.

१५. इतकी वर्षं ही गीतं टिकली कशी?

पुस्तकांमुळे कमी, तोंडांमुळे जास्त. शाळेतलं पाठांतर, छावणीतली शेकोटी, सैनिकांची मेजवानी, स्काउट मेळावा, या जागांवर सहा-सात मिनिटांची, सुरुवात-मध्य-शेवट असलेली, शेवटी श्रोत्यांना हसवणारी गोष्ट कायम हवी असते. यमक जवळजवळ असल्यामुळे म्हणणारा विसरला तरी पुढचा शब्द आपोआप ओठावर येतो. पाठांतर टिकवणारं यंत्र रचनेतच बसवलेलं आहे (प्र. १०).

बाकी मग त्यावर चढत गेलं. कॅनडाच्या टपाल खात्याने १९७६ मध्ये सॅम मॅगीचं तिकीट काढलं. टेड हॅरिसनच्या भडक रंगांतल्या चित्रांचं १९८६ चं पुस्तक घराघरांत गेलं. गायक जॉनी कॅशने ही कविता ध्वनिमुद्रित केली. डॉसनच्या शाळेला आणि अलास्कातल्या अँकरेजच्या एका हायस्कूललाही त्याचं नाव आहे.

१६. सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

१९०७ च्या पहिल्या संग्रहाने. इथे एक फसगत नेहमी होते. कॅनडातलं ‘साँग्ज ऑफ अ सावरडो’ आणि अमेरिकेतलं ‘द स्पेल ऑफ द युकॉन’ ही एकाच संग्रहाची दोन नावं आहेत. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही विकत घेतली जातात. आधी सॅम मॅगी, मग डॅन मॅग्रू, मग ‘द लॉ ऑफ द युकॉन’. त्यानंतर १९०९ चा संग्रह आणि १९१६ चा (प्र. १४). ‘द ट्रेल ऑफ नाइंटी-एट’ ही कादंबरी शेवटी वाचावी, गद्यात त्याचा हात तितका चालत नाही.

१७. मराठी अनुवाद करून छापायचा तर परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. सर्व्हिस १९५८ मध्ये वारला, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेलं त्याचं लेखन १ जानेवारी २०१९ पासून इथे मुक्त आहे. कॅनडात ते २००९ पासूनच मुक्त आहे, तिथली मुदत नंतर सत्तर वर्षं झाली तरी मागचं हक्कात परत गेलं नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात २०२८ अखेरपर्यंत हक्क आहे. अमेरिकेत प्रसिद्धीच्या वर्षावरून हिशेब होतो, त्यामुळे १९०७ ते १९२१ चे संग्रह मोकळे, पण १९४५ चं आत्मचरित्र तसं धरू नये.

अडकायला होतं ते बाजूच्या गोष्टींत. हॅरिसनची चित्रं, कुणाचं ध्वनिमुद्रण, नव्या आवृत्तीतली टिपणं, यांचे हक्क वेगळे आणि जिवंत आहेत. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या रचनांची मुदतही निराळी मोजतात. तुमच्या मराठी अनुवादावर हक्क तुमचा.

१८. अनुवादाला कोणतं वृत्त घ्यावं? मुक्तछंद चालेल?

मुक्तछंदात गोष्ट पोचते, पाठ होत नाही, मग उरतं काय? मूळ ओळ चार आघात, थांबा, तीन आघात अशी आहे. एका आघाताला चार मात्रा धरल्या तर सोळा अधिक बारा, एकूण अठ्ठावीस. ही तर आपली साकी. कीर्तनात आणि संगीत नाटकांत घोळलेली, मराठी कानाला घरची.

चौकटीच्या कडव्याचा भाव साकीत असा बसतो :

उत्तरेकडे सोन्यासाठी राबत मरती भोळे,
अर्धी झाली रात्र तरीही सूर्य न मिटतो डोळे.

मोजून पाहा : ‘उत्तरेकडे’ आठ, ‘सोन्यासाठी’ आठ, मग ‘राबत’, ‘मरती’, ‘भोळे’ प्रत्येकी चार. मात्र यात आतलं यमक नाही. ते आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर आणावं लागतं :

सॅम बिचारा सोसत वारा म्हणतो, जाळच मजला.

प्रत्येक ओळीत हे साधायचा हट्ट धरला की मराठीत ‘करतो-धरतो-मरतो’ अशी क्रियापदांची रांग लागते आणि ओळ पोकळ होते. चारांपैकी दोन ओळींत आतलं यमक ठेवावं, आणि तेही नामांचं असावं. दुसरी चूक म्हणजे भाषा भरजरी करणं. ‘मम’, ‘तव’, ‘हिमगिरी’ आले की सांगणारा खाणकरी राहत नाही. तिसरी, टेनेसीचं नागपूर करणं. थंडी आणि ठिकाण बदललं की शेवटचा विनोद मरतो.

१९. सॅम मॅगीची कविता कार्यक्रमात म्हणायची आहे. कुठे चुकतं?

बहुतेक जण आतल्या प्रत्येक यमकावर ठसका देतात, मग ती पाढे म्हटल्यासारखी होते. यमक आपोआप ऐकू येतं, जोर क्रियेवर द्यावा. पहिलं कडवं सावकाश. प्रेत वाहून नेतानाची कडवी हळूहळू जड होत जावीत. भट्टीचं दार उघडण्याआधी पूर्ण एक श्वास थांबावं. आणि सॅमचं शेवटचं बोलणं स्वतः हसून म्हणू नये, अगदी साध्या, सुखावलेल्या आवाजात म्हणावं. शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा खालच्या सुरात, कारण आता श्रोत्यांना ठाऊक आहे. मराठी श्रोत्यांसमोर आधी दोनच वाक्यं सांगावीत : तिकडे पुरायची रीत होती, आणि जमीन गोठलेली होती (प्र. ८).

२०. त्याची झोपडी पाहता येते का?

येते. डॉसनच्या एट्थ ॲव्हेन्यूवर, टेकडीच्या पायथ्याशी, ओंडक्यांची दोन खोल्यांची झोपडी पार्क्स कॅनडाने जपली आहे. दारावर मूस या थोरल्या हरणाची शिंगं आहेत. आत भिंतींवर जाड कागदाच्या गुंडाळ्या टाचून तो त्यांवर मोठ्या अक्षरांत ओळी लिहीत असे आणि येरझाऱ्या घालत वाचून दुरुस्त करीत असे. व्हाइटहॉर्सहून डॉसन रस्त्याने सुमारे ५३० किलोमीटर. कार्यक्रम उन्हाळ्यातच असतात, सप्टेंबरनंतर गाव मिटत जातं, म्हणून जून ते ऑगस्ट धरून आखणी करावी. फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी : कबर लान्सियाच्या गावच्या दफनभूमीत आहे, आणि हे गाव आता व्हाइटहॉर्सचं जुळं शहर आहे.